कामगारांचं लग्न, घरसंसार आणि आपला धंदा: मालकानं कुठवर बघावं?

काजूबी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. तीसेक माणसं. बॉयलर आणि हमाली सोडली तर सगळ्या बायका. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बी वाफवायची, गार करायची आणि मग पायानं दाबायच्या कटरवर एकेक बी फोडून गर काढायचा. गर आख्खा निघाला तर भाव, दोन तुकडे झाले की पाकळी, त्याहून बारीक झाली की कणी. आख्ख्याचा आणि पाकळीचा दर यांत जो फरक आहे ना, आमचा वर्षाचा नफा म्हणजे जवळपास तोच.

गेल्या मोसमात मी वहीत बाईगणिक पाकळी लिहून ठेवली. त्यावरून दिसलं ते असं. लहान मुलं असलेल्या बायकांची पाकळी जास्त. ज्यांचा हात उत्तम त्या बिनलग्नाच्या मुली, पण त्यांचं लग्न ठरलं की संपलं, थेट मुंबई. तेही एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बी दारात येऊन पडलेली असते. नवीन मुलीचा हात बसायला काही महिने जातात. आणि आमचा बॉयलरवाला घरून भांडून आला की वाफेची वेळ चुकते, मग अख्खा लॉट फुटतो.

पुतण्या पुण्यात एमबीए करून आलाय. तो म्हणतो, काका, कामावर घेतानाच विचारा लग्नाचा विचार कधी आहे, मुलं किती लहान आहेत. आमचे वडील म्हणायचे, कामगाराच्या उंबऱ्याच्या आत मालकानं नाक घालू नये. माझं मत वडिलांच्या बाजूचं, पण वही पुतण्याच्या बाजूनं बोलते. तुमचे अनुभव काय?

तिरफळ
पहिला! पोह्याचे पापड घेऊन बसतोय. हा धागा शंभरी गाठणार.

दर्यावर्दी
काजूबीनू, उंबऱ्याच्या भायर रवान धंदो करूक तुमका गावता. आमच्या मासळीच्या धंद्यात उंबरोच नाय. घोव मासळी हाडता, बायल ती इकता आणि पैशे खंय ठेयले तां तिकाच म्हायत. माझ्या बोटीच्या तांडेलाचा नि त्याच्या बायलेचा वाजला काय मासळी बंदरात येता, पण लिलावात उभी रवाक कोण नाय. मगे दलाल सांगात तो दर.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन म्हयन्यात आजारपणा, पोरांची फी, घराची कौला, सगळा उचलीवर. नारळी पुनवेक तांडेल माझ्याच बोटीर येतलो की दुसऱ्याच्या, तां त्याच्या घरात ठरता, बंदरात नाय. तेवां मी बंदीच्या टायमाक त्याच्या घराकडे एक फेरी मारतंयच. तुमचे वडील त्याका नाक घालणा म्हणतले. मी धंदो म्हणतंय.

एक्सेलवीर
विषय माझ्या आवडीचा. यावर खरोखर मोजमाप झालेलं आहे. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन बेनेडसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हजारो कंपन्यांचे ताळेबंद आणि त्यांच्या मुख्याधिकाऱ्यांच्या घरातले मृत्यू यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या. तिकडे सरकारी नोंदी इतक्या चोख आहेत की असलं काही करता येतं. मुख्याधिकाऱ्याचं मूल दगावलं तर पुढच्या दोन वर्षांत कंपनीचा नफा सुमारे एक पंचमांश घसरला. नवरा किंवा बायको गेली तर त्याहून थोडा कमी. आणि सासू गेली तर नफ्यावर काहीही वाईट परिणाम नाही, उलट किंचित वाढ!

तेव्हा घरचं दुःख ताळेबंदात उतरतं, हे सिद्ध आहे.

तिरफळ
सासूचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. आता हा महिनाभर बाहेर जेवणार.

मोगरी
एक्सेलवीर, हा अभ्यास मुख्याधिकाऱ्यांचा आहे, काजू फोडणाऱ्या बाईचा नाही. त्यात मोजलंय ते मालकाच्या खुर्चीवर बसलेल्याचं घर. मग काजूबी, तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे. तुमच्या घरी आजारपण होतं तेव्हा किती बी महाग घेतली गेली, किती गिऱ्हाइकांचे फोन उचलले नाहीत, ते लिहिलंत का? कामगाराचं घर तेवढं 'प्रॉब्लेम' आणि मालकाचं घर म्हणजे 'कौटुंबिक कारणास्तव युनिट दोन दिवस बंद', असं का?

काजूबी
मोगरीताई, हाणलीत! नाही लिहिलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी बी साठवायची राहिली आणि पुढं चढ्या भावानं घ्यावी लागली, एवढं आठवतं. रकाना वाढवतो.

लोटे_सी_शिफ्ट
लोटे परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात उत्पादन बघतो, बरीच वर्षं झाली. आमच्याकडे घरसंसाराचा परिणाम दोन जागी दिसतो: हजेरीपटावर आणि रात्रपाळीत.

हजेरीपट आधी. कोकणात कारखाना काढायचा तर शिमगा आणि गणपती हे दोन सण नाहीत, दोन वेळापत्रकं आहेत हे समजून चालावं लागतं. शिमग्यात ज्याच्या घरी पालखी येणार तो थांबत नाही, थांबवलात तर नोकरी सोडेल. आणि ज्याचं त्या वर्षी लग्न झालंय त्याला गणपतीत रजा नाकारणारा अधिकारी मी अजून पाहिला नाही. नवी सून गौरीला ओवसा घेऊन जाणार, सुपं भरायची, दोन्हीकडची माणसं जमणार, आणि नवरा बॉयलर हाऊसमध्ये? शक्य नाही. आम्ही बरीच वर्षं रजा नाकारणं, मेमो देणं, खोटी सर्टिफिकिटं तपासणं असले खेळ केले. नंतर एक साहेब आले, त्यांनी प्लांटचं वार्षिक शटडाऊनच गणपतीत घेतलं. देखभालीची कामं बाहेरच्या ठेकेदाराची माणसं करतात, ती बहुतेक घाटावरची नाहीतर परप्रांतातली. आमची माणसं घरी. भांडण मिटलं.

रात्रपाळी अवघड. एका ऑपरेटरचं मूल दवाखान्यात होतं, तो सांगायला घाबरला आणि कामावर आला. रिॲक्टरचं तापमान चढतंय हे त्याला दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. शेजारच्या माणसानं व्हॉल्व्ह फिरवला म्हणून निभावलं. तेव्हापासून पाळी सुरू होताना शिफ्ट इन्चार्ज प्रत्येकाला एवढंच विचारतो, "आज पॅनेलवर बसशील ना?" नाही म्हणाला तर पंपाकडे पाठवतात. कारण विचारत नाहीत. उंबऱ्याच्या आत न डोकावता काम होतं ते असं.

दर्यावर्दी
ह्यां बरा. कारण न इचारता काम बदलूचा. पण बोटीर पंप खंय रे? सगळेच प्यानेलवर.

वकीलवाडी
पुतण्याला आवरा. "लग्न कधी करणार" हा प्रश्न सरकारला महागात पडलाय, तुमचं युनिट कुठे! परराष्ट्र सेवेत पूर्वी नियम होता की महिला अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची. सी. बी. मुथम्मा कोर्टात गेल्या आणि १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी सरकारचे कान उपटले. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचं प्रकरण आलं. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न नको ही अट तेव्हा वाचली, हे बरेच जण विसरतात. आणि अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, लष्करी परिचारिका सेवेतल्या एका अधिकाऱ्याला १९८८ साली लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं होतं, तिला ६० लाख रुपये द्या असं सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं.

मातृत्व रजेचं म्हणाल तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी. युनिट ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा) असेल आणि ती बाई त्यात बसत असेल तर हे पैसे महामंडळ देतं, मालकाच्या खिशातून जात नाहीत. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी छोटे मालक उगाच तरण्या बायकांना टाळतात. पाळणाघराची सक्ती ५० कामगारांपासून, म्हणजे तुम्ही सुटलात.

पुण्याचा_पुतण्या
मी तो पुतण्या नाही, पण बाजू घेतो. कायदा ठीक. पण छोट्या मालकानं प्रशिक्षणाचा खर्च करायचा आणि मुलगी मेमध्ये बोहल्यावर? मोठ्या कंपनीत एक गेली तर दुसरी असते. तिसात पाच गेल्या तर मोसम गेला. हे सांगितलं की लगेच स्त्रीविरोधी ठरवतात.

मोगरी
स्त्रीविरोधी नाही ठरवत. एवढंच विचारते, बॉयलरवाल्याला कामावर घेताना "तुमचं आणि बायकोचं पटतं का?" असं विचारलं होतं का? अख्खा लॉट तर त्यानं फोडला.

तिरफळ
+१. पाकळीची कणी केलीत ताई.

माडाखाली
इथे सगळे लग्नामुळे होणारं नुकसान सांगताहेत, मी उलटं सांगतो. तारकर्लीला आमचा होमस्टे आणि दोन बोटी. आमच्याकडे रडगाणं लग्न होत नाही याचं आहे. मुलगा चांगला पोहतो, पर्यटकांशी चार भाषांत बोलतो, मोसमात कमाई बऱ्यापैकी. पण मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, मुंबईला खोली आहे का? नाही म्हटलं की चहा पिऊन उठतात. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद, त्या काळात काय करतो हा दुसरा प्रश्न. ही पोरं मग तिशी ओलांडतात, कंटाळतात, पावसाळ्यात गोव्याला जातात आणि ऐन दिवाळीत फोन उचलत नाहीत.

एकाचं जमलं. मुलगी देवगडची, तिलाच गावात राहायचं होतं. तो आता सकाळी साताला जेटीवर असतो, इंजिनचा आवाज बदलला तरी ओळखतो. त्याची बायको आमच्याकडे नाश्त्याचं बघते. घावणे-चटणीसाठी लोक परत येतात, माझ्या खोल्यांसाठी नाही, हे मान्य करतो. म्हणून मी पोरांची लग्नं जुळवायला चक्क मदत करतो. पावसाळ्यात बोटदुरुस्ती आणि रंगकाम देऊन थोडा का होईना पगार चालू ठेवला, म्हणजे 'बारमाही नोकरी' असं स्थळात सांगता येतं.

पंचनामा
माडाखाली, तुमचा पोरगा लग्नामुळे सुधारला की सुधारलेला होता म्हणून त्याचं लग्न झालं? लग्न झालेल्या पुरुषांना जास्त पगार मिळतो हे अर्थशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून दिसतंय. भांडण याच प्रश्नावर आहे. बायकांच्या बाबतीत मात्र उलटं, मूल झालं की कमाई घसरते, आणि ती नुसती आळसानं घसरते असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

शिवाय तिसरी शक्यता. त्याच्या डोक्यावर आता हप्ता आहे. अडकलाय म्हणून सातला जेटीवर येतो. मालकाला ती निष्ठा वाटते.

माडाखाली
असेल. बोट वेळेवर सुटते एवढं खरं. आणि पावसाळी पगार सुरू केला तो लग्नाच्या आधी, त्यामुळे कशानं काय झालं हे मलाही नाही सांगता येणार.

जुना_कारखानदार
काजूबी, मी या धंद्यातून आता निवृत्त. सगळे प्रतिसाद वाचले, पण मूळ वहीबद्दल कोणीच विचारलं नाही. तुम्ही बाईगणिक पाकळी लिहिलीत. कुठल्या बाईला कुठली बी दिली होती ते लिहिलंत का?

बी बारीक असली की जास्त फुटते. वाफवून पुरती गार न होता कटरवर आली तरी फुटते. पावसात ओल धरलेली बी वेगळी, मार्चची कडक वेगळी. वेंगुर्ला-४ आणि गावठी बी एकाच वेगानं फोडली तर गावठीची कणी होणार. आणि सगळीकडची रीत अशी की सकाळी पहिल्या येतात त्यांना मोठी, एकसारखी बी मिळते. उशिरा येते तिला उरलेली, मिसळ. उशिरा कोण येतं? जिला घरी पोराला आंघोळ घालून, डबा भरून, सासूचं औषध देऊन यायचं असतं ती. म्हणजे तुमच्या वहीत जे लग्न दिसतंय ते कदाचित बीचं टोपलं असेल.

आणखी एक. पाकळी दिवसाच्या कुठल्या वेळेला वाढते ते बघा.

एक्सेलवीर
कमाल! माझ्या आख्ख्या स्प्रेडशीटवर पाणी. जुना_कारखानदार, दंडवत.

पुण्याचा_पुतण्या
हे आमच्या एमबीएत शिकवलं नव्हतं. (हलकेच घ्या.)

शेवंता
अवांतर: काजूच्या टरफलाच्या चिकानं हात भाजतात त्यावर कोणीच बोललं नाही. माझी मावशी कटरवर होती. तेल-राख लावून काम करायच्या, तरी बोटं काळी. घरी गेल्यावर पोराला भरवताना त्रास. लग्नाच्या आधी मुली काम सोडतात त्यात हेही कारण असतं, मेंदी रंगत नाही म्हणून. हसू नका, मावशीचं हळदीच्या आधी दोन महिने काम बंद केलं होतं आजीनं.

काजूबी
शेवंताताई, हातमोजे देतो, पण त्यानं वेग कमी होतो म्हणून काढून ठेवतात. कामाचे पैसे किलोवर आहेत ना. हे कसं सोडवायचं ते खरंच माहीत नाही.

बॉयलरवाल्याचं राहिलं होतं. त्याची बायको मागच्या शनिवारी गेटवर आली. म्हणाली, "दादानूं, ह्येंचो पगार माझ्या खात्यात घाला, न्हायतर शनवारी रातीच संपता." आता सांगा, हे उंबऱ्याच्या आतलं की बाहेरचं?

वकीलवाडी
पगार ज्याचा त्याच्याच हातात किंवा खात्यात. बायको कितीही खरं बोलत असली तरी तुम्ही परस्पर वळवू शकत नाही. तो स्वतः बँकेत जाऊन तिच्या खात्यात आपोआप रक्कम जाईल अशी सूचना देऊ शकतो. तुम्ही फार तर त्याच्याबरोबर बँकेपर्यंत चालत जा.

दर्यावर्दी
आणि पगार शनवारचो सोमवारी करा. आमच्या हयसर सगळ्या बोटींनी तसा केल्यान. शनवारी खिशात पैशे नाय तर खंय जातलो? सोमवारी बाजार, दुकानाची उधारी, पैशे घरात पोचतत.

लोटे_सी_शिफ्ट
हा उपाय कुठल्याही मॅनेजमेंटच्या पुस्तकापेक्षा भारी आहे. वाचनखूण साठवली.

मोगरी
भारी आहे, पण सगळ्या कामगारांचा पगार एका माणसाच्या व्यसनापायी दोन दिवस पुढं? बायकांना विचारा आधी. त्यांचा रविवारचा बाजार असेल.

काजूबी
विचारलं. बायकांचं म्हणणं पडलं शुक्रवार. रविवारच्या बाजाराआधी पैसे हवेत आणि शुक्रवारी रात्री नवरा पिऊन आला तर शनिवारी कामावर जायची भीती असते म्हणून तो जपून पितो, असं त्यांचं शास्त्र. बॉयलरवाल्याचं काय ते बघू, बँकेत जायला तयार झालाय, अजून गेलेला नाही.

आता जुना_कारखानदार काकांच्या प्रश्नाचं उत्तर. वही परत काढली आणि या आठवड्यात वेळ लिहायला लावली. पाकळी दुपारी वाढते. अंगणवाडी सुटली की पोरं गेटवर येऊन बसतात, आया कटरवर आणि नजर गेटकडे. टोपल्याचंही खरं आहे, उशिरा येणाऱ्यांना मिसळ बीच जात होती. म्हणून सोमवारपासून बी आदल्या संध्याकाळी चाळून नाव घालून ठेवणार आणि लहान मुलं असलेल्यांना दुपारनंतर कटरऐवजी सोलणीला, म्हणजे गराची साल काढायला, बसवणार. सोलणीत मूल मांडीजवळ बसलं तरी चालतं, कटरजवळ मी ते कधीच चालवून घेणार नाही. फरक पडला तर लिहीन. पुतण्याला वही दिली आहे, मोजू दे.

लग्न होऊन जाणाऱ्या मुलींचं मात्र काहीच सुचलेलं नाही.

माहेरवाशीण_नालासोपारा
आज सदस्य झाले, या धाग्यासाठीच. मी कुडाळकडच्या एका काजू कारखान्यात होते. माझा हात चांगला होता, हे मीच सांगते कारण तिथे कधी कोणी सांगितलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मालकांनी हिशोब केला, साडी दिली, संपलं. लग्नानंतर काय करणार, परत येशील का, हे विचारलं नाही. तुमच्यासारखंच त्यांनीही धरून चाललं की मुंबईला गेली म्हणजे गेली.

मंडळी, मुंबईला गेलेली प्रत्येक पोर मे महिन्यात माहेरी येते. शाळांना सुट्टी लागली की आम्ही गाडी पकडतो. आई मुलांना बघते, आम्ही आंबे-फणस खात बसतो आणि वजन वाढवून परत जातो. तुमची बी दारात पडलेली असते तेव्हाच. माझ्या ओळखीच्या निदान पाचसहाजणी तरी अशा आहेत, सगळ्यांचा हात बसलेला, शिकवायला नको. इथे घरी बसून इमिटेशनचे दागिने जोडतो, डझनावर पैसे, त्यापेक्षा कटर बरा.

तिरफळ
शंभरी राहिली बाजूला, धाग्याचं सोनं झालं.

काजूबी
ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. मेमध्ये किती आठवडे असता माहेरी? आणि घर कुठे, आमच्या युनिटपासून लांब पडेल का? एसटीचं भाडं मी देईन.

माहेरवाशीण_नालासोपारा
आठवडे नंतर सांगते. आधी किलोचा दर सांगा. आणि मी उशिरा आले तरी मिसळ बी घेणार नाही, आत्ताच लिहून ठेवा वहीत.